अस्तनीतला निखारा: तापणाऱ्या कपड्यांचा आणि त्यांतल्या बॅटरीचा इतिहास

१/ मराठीत ‘अस्तनीतला निखारा’ असा एक वाक्प्रचार आहे. अस्तनी म्हणजे बाही. जवळचा म्हणून बाळगलेला, पण संधी मिळताच जाळणारा माणूस, असा त्याचा अर्थ. आज बाजारात विजेवर तापणारी जॅकेटे, हातमोजे आणि पायमोजे मिळतात. त्यांच्या अस्तरात तापणाऱ्या तारा वा कार्बन तंतूंच्या पट्ट्या असतात आणि खिशात लिथियम-आयन बॅटरी असते. वाक्प्रचाराला शब्दशः लागू पडणारी अशी वस्तू क्वचितच सापडेल. हा धागा त्या निखाऱ्याच्या इतिहासाचा आहे.

२/ प्रारंभीच एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. तापणाऱ्या कपड्यात दोन निरनिराळे धोके असतात. पहिला, उष्णता देणाऱ्या भागाने कातडी भाजण्याचा. दुसरा, ऊर्जा साठवणारा भाग स्वतःच पेटण्याचा. पहिला धोका मनुष्याला शतकानुशतके परिचित आहे आणि त्यावरचे बरेचसे उपाय दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सापडले. दुसरा धोका जेमतेम पन्नास वर्षांचा आहे. या दोहोंची गल्लत झाली की ‘कमी तापवा, म्हणजे झाले’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

३/ अंगावर विस्तव बाळगण्याची सर्वांत परिचित भारतीय परंपरा काश्मीरची. वेताच्या वा विलोच्या काटक्यांनी विणलेल्या टोपलीत मातीचे लहान भांडे, त्यात कोळशाचे निखारे, आणि ही कांगडी फिरनच्या आत पोटाशी धरलेली. खोली तापवण्यापेक्षा माणूस तापवणे स्वस्त, हा त्यामागचा विचार. आजचे तापणारे जॅकेटही नेमक्या याच तत्त्वावर विकले जाते. कांगडी कलंडली तर कपडे आणि बिछाना पेटे, हे सर्वांना ठाऊक होते. त्यामुळे तिची राख वरखाली कशी करावी, निजताना तिला कुठे ठेवावे, याचे घरोघरी शिक्षण असे.

४/ परंतु कांगडीचा खरा धोका आगीपुरता नव्हता. काश्मीरमध्ये काम करणाऱ्या विल्यम एल्म्स्ली या मिशनरी डॉक्टरने १८६६ मध्ये पोट व मांडीच्या कातडीवर होणाऱ्या एका कर्करोगाचा संबंध कांगडीशी जोडला. पुढे श्रीनगरच्या मिशन रुग्णालयातील अर्नेस्ट नीव्ह यांनी असे असंख्य रुग्ण पाहून त्यावर लिहिले. वैद्यकशास्त्रात ‘कांगडी कर्करोग’ हे नाव रूढ झाले. यातून पहिला धडा मिळाला: जी ऊब सुखद वाटते, तीही एकाच जागी वर्षानुवर्षे लागत राहिली तर शरीराला इजा करते.

५/ दुसरी वाट जपानची. तेथे ऊब देणाऱ्या खिशातल्या वस्तूस ‘काइरो’ म्हणतात. १९२३ मध्ये निइची मातोबा यांनी ‘हाक्किन काइरो’ बाजारात आणला. यात बेंझिनची वाफ प्लॅटिनमच्या सान्निध्यात ज्वालेविना जळते. १९७० च्या दशकाच्या अखेरीस लोखंडाच्या चूर्णाच्या, एकदाच वापरायच्या पुड्या लोकप्रिय झाल्या. लोखंड गंजताना जी उष्णता निघते, तीच त्यांत वापरली जाते. म्हणजे कांगडीतला उघडा विस्तव आधी ज्वालाहीन झाला आणि मग निव्वळ गंज झाला. येथवर प्रत्येक टप्प्यावर निखारा अधिकाधिक निरुपद्रवी होत गेला.

६/ विजेने कपडे तापवण्याची गरज प्रथम विमानांनी निर्माण केली. पहिल्या महायुद्धात वैमानिक उघड्या विमानांत हजारो फूट उंचीवर तासन्‌तास बसत. लोकर, कातडे आणि फर पुरेनासे झाले, तेव्हा युद्धाच्या उत्तरार्धात विद्युततारा शिवलेले पोशाख वापरात आले. त्यांना लागणारी वीज वाऱ्याच्या पंख्याने फिरणाऱ्या जनित्रातून मिळे. येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी: वैमानिकाच्या अंगावर केवळ तार होती. ऊर्जेचा उगम शरीराबाहेर, विमानावर होता.

७/ दुसऱ्या महायुद्धात हा प्रश्न हजारो पटींनी मोठा झाला. अमेरिकेच्या आठव्या वायुदलाने ऑगस्ट १९४२ पासून इंग्लंडमधून बी-१७ या जड बॉम्बर विमानांच्या मोहिमा सुरू केल्या. सुमारे २५,००० फुटांवर तापमान शून्याखाली ४० अंश सेल्सियस वा त्याहूनही खाली जाई. विमानाच्या दोन्ही बाजूंना मशीनगन चालवणारे तोफची उघड्या खिडक्यांशी उभे असत. प्रारंभीच्या काळात हिमदंशाने जायबंदी झालेल्यांची संख्या शत्रूच्या माऱ्याने जखमी झालेल्यांहून अधिक होती. अडकलेली बंदूक सोडवण्यासाठी क्षणभर हातमोजा काढणेही बोटांवर बेते.

८/ त्यासाठी जनरल इलेक्ट्रिकने तयार केलेला ‘एफ-१’ हा पोशाख निळसर रंगाचा होता. सैनिक त्याला थट्टेने ‘निळा ससा’ म्हणत. त्याचा मोठा दोष त्याच्या रचनेत होता. तारा एकसर जोडणीत होत्या. शाळेच्या विज्ञानात शिकलेले येथे आठवावे: एकसर जोडणीत एक तार तुटली की संपूर्ण मंडल खंडित होते. गुडघे दुमडून, वाकून काम करणाऱ्या तोफच्याच्या कपड्यात तार तुटणे अटळ होते. बुटातली तार तुटली की हातमोजेही गार पडत, आणि तेही शून्याखाली ४० अंशांत.

९/ पुढच्या ‘एफ-२’ आणि ‘एफ-३’ या नमुन्यांत समांतर जोडणी आली, जेणेकरून एक भाग निकामी झाला तरी उरलेले भाग चालू राहावेत. तारा अधिक लवचीक झाल्या आणि नियंत्रण सुधारले. या काळात तांब्याचे मानवाकृती पुतळे बनवून, त्यांना आतून तापवून, कोणत्या कपड्यातून किती उष्णता निसटते याचे मोजमाप होऊ लागले. महत्त्वाचे हे की पोशाख, तारा, जोडण्या आणि विमानातील वीजपुरवठा या साऱ्यांचा विचार एकत्र होत होता. तोफच्याचा जीव या संपूर्ण साखळीवर अवलंबून आहे, हे सर्वांना मान्य होते.

१०/ ‘किती तापवले तर भाजते’ या प्रश्नाचे नेमके उत्तर युद्ध संपल्यावर मिळाले. १९४७ मध्ये मॉरिट्झ आणि हेन्रीक्स या हार्वर्डच्या संशोधकांनी तापमान आणि काळ यांचा संबंध प्रयोगांनी मांडला. ६० अंश सेल्सियसला कातडी काही सेकंदांत भाजते, हे अपेक्षितच होते. परंतु ४४ अंशांवर, म्हणजे सोसवेल अशा स्नानाच्या पाण्याहून थोड्याशाच अधिक तापमानावर, सुमारे ६ तासांत तीच इजा होते. तापणारी जॅकेट घालून झोपू नये, या आजच्या सूचनेचे मूळ येथे आहे. कांगडीची उकल अखेर आकड्यांत झाली.

११/ शांततेच्या काळात हे ज्ञान घराघरांत पोहोचले. विजेच्या गाद्या आणि पांघरुणे १९१० व १९२० च्या दशकांतही होती. त्या काळी क्षयरोग्यांना आरोग्यधामांत मोकळ्या हवेत झोपवत आणि त्यांच्यासाठी ती वापरत. १९३६ मध्ये तापमान आपोआप नियंत्रित करणारे पांघरूण अमेरिकेत आले. युद्धानंतर वैमानिकांच्या पोशाखाचा अनुभव त्यात मिसळला. घडी पडलेल्या जागी उष्णता साचते आणि तेथेच कापड करपते, हे ओळखून तापमान-नियंत्रक जोडले गेले. अशा रीतीने पहिल्या धोक्यावर, म्हणजे तापणाऱ्या तारेवर, बऱ्याच अंशी लगाम बसला.

१२/ पुढचा गिऱ्हाईक मोटारसायकलस्वार होता. १९७० च्या दशकात अमेरिकेत थंडीतल्या दुचाकीस्वारांसाठी तापणारे जॅकेट व हातमोजे तयार होऊ लागले. ते गाडीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीला तारेने जोडले जात. लेह-लडाखच्या वाटेवरचे आजचे मराठी दुचाकीस्वारही अशी जोडणी वापरू शकतात. येथेही उगम शरीराबाहेर होता. स्वार गाडीवरून उतरला की तार निघे आणि कपडा पुन्हा निव्वळ कपडा होई. नाळ गैरसोयीची होती खरी, पण तीच सुरक्षिततेची हमीही होती.

१३/ नाळ तोडण्याचे प्रयत्न झालेच. १९६० व १९७० च्या दशकांत शिकारी आणि प्रेक्षागारात थंडीत बसणारे क्रीडाप्रेमी यांच्यासाठी बॅटरीवरचे मोजे विकले जात. विजेरीत घालतात तसा जाड कोरडा घट पोटरीवर बांधायचा. ऊब थोडी आणि थोडाच वेळ मिळे, शिवाय वजनही जाणवे. मात्र या घटांचे द्रावण पाण्यावर आधारलेले होते. तो घट गळे, गंजे, कातडीला चरचरवे, पण पेट्रोलसारखा भडकत नसे. अशक्तपणा हाच त्याचा सद्गुण होता. बलवान घट मिळेपर्यंत तापणारे कपडे ही केवळ एक गंमत राहिली.

१४/ तो बलवान घट तेलसंकटाच्या काळात जन्मला. एक्सॉन या तेलकंपनीत स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी १९७० च्या दशकात टायटॅनियम डायसल्फाइड आणि धातुरूप लिथियम यांची पुन्हा भारित होणारी बॅटरी बनवली. लिथियम हा सर्वांत हलका धातू आणि इलेक्ट्रॉन सोडण्यास अतिशय उत्सुक, म्हणून ऊर्जा विपुल. परंतु पुनःपुन्हा भारित करताना त्या धातूला सूक्ष्म काटे फुटत. ते पलीकडच्या अग्रापर्यंत पोहोचले की आतल्या आत जोड होऊन स्फोट होई. अग्निशमन दलाला इतक्यांदा धावावे लागले की लिथियमची आग विझवणाऱ्या खास रसायनांचा खर्च प्रयोगशाळेकडून वसूल करण्याचा इशारा त्याने दिला.

१५/ प्रयोगशाळेतली आग भिंतींच्या आत राहते. बाजारात गेलेली राहत नाही. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियातील ‘मोली एनर्जी’ या कंपनीने १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात धातुरूप लिथियमच्या बॅटऱ्या विकण्यास आरंभ केला. १९८९ मध्ये जपानमधील मोबाइल फोनांत त्या पेटल्याच्या घटना घडल्या, माल परत मागवावा लागला आणि कंपनी बुडाली. पुढे ती जपानी उद्योगांनी विकत घेतली. अंगाजवळ बाळगायच्या यंत्रात धातुरूप लिथियम नको, हा निष्कर्ष त्या घटनेने उद्योगाच्या माथी कायमचा कोरला.

१६/ उत्तर दोन ठिकाणांहून आले. १९८० मध्ये ऑक्सफर्डला जॉन गुडइनफ यांच्या गटाने लिथियम कोबाल्ट ऑक्साइडचा धनाग्र शोधला. १९८५ मध्ये जपानच्या असाही कासेई कंपनीत अकिरा योशिनो यांनी ऋणाग्रासाठी धातूऐवजी पेट्रोलियम कोक हा कार्बनी पदार्थ वापरला. आता लिथियम धातूच्या रूपात नव्हे, तर आयनांच्या रूपात दोन्ही अग्रांमध्ये ये-जा करू लागला. योशिनो यांनी बॅटरीवर लोखंडाचा जड तुकडा पाडून पाहिला. तिने पेट घेतला नाही. धातुरूप लिथियमच्या बॅटरीवर तोच प्रयोग केला, तेव्हा ती भडकली. लिथियम-आयन बॅटरीचा जन्म याच क्षणी झाला, असे योशिनो सांगत.

१७/ हा तपशील विलक्षण आहे. ज्या शोधाला २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, तो मुळात सुरक्षिततेचा शोध होता. व्हिटिंगहॅम, गुडइनफ आणि योशिनो या तिघांना ते विभागून मिळाले. गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते. १९९१ मध्ये सोनीने ही बॅटरी बाजारात आणली. मात्र ‘अधिक सुरक्षित’ याचा अर्थ ‘निर्धोक’ असा नव्हता. घटातले द्रव विद्युतविलायक सेंद्रिय कार्बोनेटांचे, म्हणजे ज्वलनशीलच राहिले. कारण पाणी इतका व्होल्टदाब सोसू शकत नाही. त्याचे विघटन होते. सामर्थ्य हवे तर इंधनासारखे द्रव पत्करणे भाग होते.

१८/ अशी बॅटरी पेटते कशी? दोन्ही अग्रांमध्ये प्लास्टिकचा काही मायक्रोमीटर जाडीचा सच्छिद्र पडदा असतो. ठेचल्याने, अतिभारित केल्याने वा आतल्या दोषाने घट तापला की प्रथम ऋणाग्रावरचा रक्षक थर विघटित होतो. त्यातून आणखी उष्णता निघते. सुमारे १३० अंशांना पॉलिएथिलीनचा पडदा वितळतो. त्याहून वर गेल्यावर कोबाल्टचा धनाग्र प्राणवायू सोडू लागतो. म्हणजे इंधन, प्राणवायू आणि उष्णता ही तिन्ही एकाच डबीत. प्रत्येक पायरी पुढच्या पायरीला उष्णता पुरवते. यालाच औष्णिक अनियंत्रण म्हणतात. ब्लँकेट टाकून हवा तोडली तरी ही क्रिया आपोआप थांबत नाही, त्याचे कारण हे.

१९/ म्हणून घटांत पहारेकरी बसवले गेले. दंडगोल घटात दाब वाढताच मंडल तोडणारा भाग, वायू बाहेर सोडणारी झडप, आणि बाहेरून ४.२ व्होल्टच्या पुढे भारित होऊ न देणारे इलेक्ट्रॉनिक मंडल. पण पहारेकरी आतल्या दोषापुढे हतबल ठरतात. २००६ मध्ये डेल कंपनीने सोनीच्या घटांच्या सुमारे ४१ लाख लॅपटॉप बॅटऱ्या परत मागवल्या. पाठोपाठ अॅपलने सुमारे १८ लाख. कारण होते निर्मितीच्या वेळी घटात शिरलेले धातूचे सूक्ष्म कण. ज्या कंपनीने ही बॅटरी जगाला दिली, तिच्याच कारखान्यातली ही चूक होती.

२०/ ३ सप्टेंबर २०१० रोजी दुबईजवळ यूपीएसचे बोइंग ७४७ मालवाहू विमान कोसळून दोन्ही वैमानिक मृत्युमुखी पडले. मालात लिथियम बॅटऱ्या होत्या आणि आगीच्या धुराने वैमानिककक्ष भरून गेला होता. १ एप्रिल २०१६ पासून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने प्रवासी विमानांतून सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या मालरूपाने नेण्यास बंदी केली. मालवाहू विमानांतही त्या ३० टक्क्यांहून अधिक भारित नसाव्यात, असा नियम आला. विमान वाहतुकीनेच तापणारे कपडे जन्माला घातले होते. आता त्यांच्या बॅटरीवर पहिले कठोर निर्बंधही तिनेच लादले.

२१/ २०१६ मध्येच सॅमसंगच्या गॅलक्सी नोट ७ या फोनचे प्रकरण घडले. प्रथम सुमारे २५ लाख फोन परत मागवले गेले, बदली बॅटऱ्यांचेही फोन पेटले आणि अखेर उत्पादनच थांबले. पहिल्या बॅटऱ्यांत कोपऱ्याशी अग्र मुडपले जात होते, दुसऱ्यांत वेल्डिंगचे दोष होते. जगातली एक बलाढ्य कंपनी, उत्कृष्ट प्रयोगशाळा, आणि तरीही कोपऱ्यातली एक घडी पुरेशी ठरली. फोन निदान ताठ कवचात असतो. कपड्याचा तर धर्मच मुडपणे आहे.

२२/ हा प्रश्न येथे आपल्या विषयापाशी परत येतो. जॅकेटच्या खिशातली बॅटरी खुर्चीत बसताना दबते, दारावर आदळते, घामाने ओलसर होते, विसरून धुलाईयंत्रात जाते. अस्तराच्या घड्यांत तिची उष्णता बाहेर पडायला जागा नसते, कारण उष्णता अडवणे हेच त्या अस्तराचे काम. आणि पेटलीच, तर फोनसारखी ती टेबलावरून ढकलून देता येत नाही. अंगरखाच उतरवावा लागतो. कृत्रिम धाग्याचे अस्तर असेल तर ते वितळून कातडीला चिकटते.

२३/ थंडीचा एक डाव याहून सूक्ष्म आहे. लिथियम-आयन बॅटरी थंडीत वापरता येते, केवळ तिची क्षमता घटते. परंतु शून्य अंशाखाली ती भारित केली तर आयन कार्बनच्या थरांत शिरण्याऐवजी पृष्ठभागावर धातू होऊन साचतात. म्हणजे १९८९ मध्ये हद्दपार केलेला धातुरूप लिथियम घटात गुपचूप परत येतो. लक्षणे तत्काळ दिसत नाहीत; दोष साठत जातो. जो कपडा थंडीसाठीच बनवला, त्याची बॅटरी गारठलेली असताना भारित करू नये, हा विरोधाभास फार थोड्या वेष्टनांवर ठळक छापलेला असतो.

२४/ किती ऊर्जेची ही गोष्ट? १०,००० मिलिअँपिअर-तासांची, ३.७ व्होल्टची बॅटरी सुमारे ३७ वॅट-तास ऊर्जा धरते. १० वॅटचे जॅकेट त्यावर तीन तासांच्या आसपास चालते. तीच ऊर्जा सुमारे ४०० ग्रॅम पाणी २५ अंशांवरून उकळीपर्यंत नेण्यास पुरेशी आहे, आणि घट पेटला तर ज्वलनशील द्रवाची उष्णता त्यावर वेगळी. तीन तासांत अंगभर पसरली तर ऊब, काही सेकंदांत बरगडीजवळ एकवटली तर गंभीर भाजणे. ऊर्जा तीच असते. सुरक्षिततेचे शास्त्र म्हणजे तिच्या वेगावरचे नियंत्रण.

२५/ इतिहासाच्या दृष्टीने सर्वांत मोठा बदल तंत्रात नसून जबाबदारीत झाला आहे. १९४४ च्या पोशाखात तार, जोडणी आणि वीज यांची एकत्रित परीक्षा होई. आज अनेक स्वस्त जॅकेटांना केवळ यूएसबीची शेपटी असते आणि ‘पॉवर बँक वेगळी घ्यावी’ अशी सूचना असते. कपडा एकाचा, बॅटरी दुसऱ्याची, घट तिसऱ्याचा, चार्जर चौथ्याचा. दुर्घटना घडली की प्रत्येक जण शेजाऱ्याकडे बोट दाखवू शकतो. संपूर्ण वस्तू प्रथमच एकत्र येते ती ग्राहकाच्या अंगावर, आणि तिची पहिली परीक्षाही तेथेच होते.

२६/ नियम हळूहळू मागून येत आहेत. वाहतुकीसाठी संयुक्त राष्ट्रांच्या चाचणी-पुस्तिकेतील ३८.३ हे कलम घटांना उंची, तापमान, कंपन, धक्का, बाह्य जोड, आघात, अतिभार इत्यादी कसोट्यांतून नेते. भारतात अशा घटांसाठी भारतीय मानक ब्यूरोचे आयएस १६०४६ हे मानक आहे आणि त्याची नोंदणी बंधनकारक आहे. २८ जानेवारी २०२५ रोजी बुसानच्या विमानतळावर उभे असलेले प्रवासी विमान जळाले. सर्व प्रवासी बचावले. पॉवर बँकवर संशय आल्यानंतर दक्षिण कोरियाने ती डोक्यावरच्या कप्प्यात न ठेवता जवळ ठेवण्याचा नियम केला. निखारा नजरेआड नको, हे कांगडीचेच शहाणपण.

२७/ या दीड शतकाच्या अनुभवाचे व्यवहारातले सार थोडक्यात असे. मानकाची खूण व वॅट-तास छापलेली नाहीत अशी बॅटरी कपड्यात घालू नये. फुगलेली, आपटलेली वा भिजलेली बॅटरी पुन्हा वापरू नये. भारित करताना ती कपड्यातून काढावी, घरच्या तापमानाला येऊ द्यावी आणि गादीवर ठेवू नये. तापता कपडा घालून झोपू नये. विमानात सुटी बॅटरी हातसामानातच न्यावी. १०० वॅट-तासांच्या पुढे कंपनीची परवानगी लागते. खिशातून धूर वा उग्र वास आला तर आधी कपडा उतरवून दूर व्हावे. लहान लिथियम-आयन बॅटरीला भरपूर पाणी चालते. ते तिला थंड करते.

२८/ कांगडी बाळगणाऱ्या आजीला आपल्या निखाऱ्याचा स्वभाव ठाऊक होता: तो केव्हा फुलतो, केव्हा राखेखाली निजतो, कधी दूर ठेवावा. तो दिसत असे, त्याचा वास येई. नवा निखारा काळ्या प्लास्टिकच्या डबीत बंद आहे; त्याचा स्वभाव फक्त त्याला घडवणाऱ्यांना कळतो. म्हणूनच तो विकणाऱ्याची जबाबदारी कांगडी विणणाऱ्याहून मोठी आहे. आणि विकत घेणाऱ्याने किमान एवढे तरी विचारावे की, या अस्तनीत नेमके काय शिवले आहे आणि त्याची हमी कोण घेतो?

(धागा समाप्त)